पिनबॉलचा डावा हात

मित्रांनो, माझ्या डाव्या हातात कसलाही बिघाड नव्हता. वर्षभर ही गोष्ट मला कोणाला सांगता आली नाही, म्हणून आज सगळ्यात आधी तीच सांगतो.

मी पिनबॉलचा एक जुना खेळ आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी माझ्यासारखा खेळ पाहिलाही नसेल. चार लोखंडी पायांवर उभी असलेली एक लांबट लाकडी पेटी डोळ्यांसमोर आणा. तिच्यावर काच, काचेखाली पुढच्या बाजूला उतरत आलेला रंगीत पाट, आणि पाटावर रबरी कड्या घातलेले खुंट, दिवे आणि घंटा. समोरचा स्प्रिंगचा दांडा ओढून सोडला की पोलादी गोळी वर धावते आणि खुंटांवर आपटत, घंटा वाजवत खाली येते. खाली तिची वाट पाहत माझे दोन हात असतात, बोटभर लांबीचे, एक डावा आणि एक उजवा. पेटीच्या दोन्ही अंगांना एकेक बटण आहे. डावे बटण दाबले की डावा हात उसळतो आणि गोळीला पुन्हा वर फेकतो. उजव्याचे तसेच. दोन्ही हातांच्या मधून गोळी घरंगळली की ती गेली. गोळी शेवटी जातेच. तिला जमेल तितका वेळ वर ठेवायचे, एवढाच हा खेळ आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. सुताराने पेटी जोडली, रंगाऱ्याने तिच्यावर लाल आणि निळे पट्टे ओढले आणि बाकावर ओळीने बसलेल्या बायकांनी माझ्या पोटात तारा गुंफल्या. त्यांतली एक बाई काम करताना सतत गुणगुणायची. मला वाटते, माझ्या पोटात अजून जी घुमघुम होते ती तिचीच आहे. सर्वांत शेवटी कोणीतरी माझ्या पोटात एक ओळंबा टांगला, गवंडी भिंत सरळ आहे का बघायला वापरतो तसा. मला कोणी फार हलवले, ढकलले, की तो ओळंबा भोवतालच्या कडीला टेकतो, माझे दिवे विझतात आणि डाव संपतो. लबाडी मला लगेच कळते. दुःख कळते की नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हते.

तिथून मी एका खेळघरात आलो. बस स्थानकासमोरच्या इमारतीत, चपलांच्या दुकानाच्या वर ते खेळघर होते. आम्ही बारा जण भिंतीला पाठ लावून उभे असायचो. बस चुकलेले लोक यायचे, शाळा चुकवलेली मुले यायची, घरी जायची घाई नसलेले कारकून यायचे. त्या बाराही जणांचा सांभाळ एकच माणूस करायचा. त्याला सगळे मिस्त्री म्हणत. मीही तेच म्हणेन.

मिस्त्री उंच, किडकिडीत आणि कमी बोलणारा होता. त्याच्या खिशाला डिसमीस अडकवलेला असायचा. रोज सकाळी दार उघडण्याआधी तो आमच्या प्रत्येकावर एकेक गोळी खेळायचा, तीही डोळे मिटून. नुसत्या आवाजावरून त्याला कळायचे की कोणाची कडी सैल झाली, कोणाची घंटा दमली. मग तो त्या खेळाचा पुढचा फळीचा दरवाजा उघडायचा, काम करायचा, आणि दरवाजाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने नोंद करायचा: तारीख, काय झाले होते, काय केले. त्याच्यापुढे एखाद्या डॉक्टरचे कागद गबाळे दिसले असते.

त्याची एक रीत मात्र तुम्ही नीट लक्षात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे. दुखणे नेमके कशात आहे हे कळेना, की तो डावीकडचा भाग काढून उजवीकडे बसवायचा आणि उजवीकडचा डावीकडे. मग पुन्हा खेळून पाहायचा. बिघाड भागासोबत दुसऱ्या बाजूला गेला, तर दोष त्या भागात. बिघाड जागच्या जागी राहिला, तर दोष दुसरीकडे. "बिघाड सरकतो का ते बघायचं," तो म्हणायचा. "सरकला की सापडला."

खेळघराला वाईट दिवस आले तेव्हा कोणी भांडले नाही, रडले नाही. लोक यायचे बंद झाले, इतकेच. एका दुपारी भंगारवाला आला आणि माझे अकरा सोबती जिन्यावरून खाली गेले. शेवटचा जाताना त्याची घंटा पायरीपायरीला वाजत होती. मला मिस्त्रीने पगाराच्या बदल्यात मागून घेतले होते. शेजाऱ्याच्या टेम्पोतून, गादीत गुंडाळून, त्याने मला घरी आणले.

घर दोन खोल्यांचे होते. दारात त्याची बहीण उभी होती. मिस्त्रीची बायको वारल्यावर ती भावाचे घर सांभाळायला आली होती. तिने मला पायापासून वरपर्यंत पाहिले.

"दादा, हे काय आहे?"

"खेळ."

"लोक पगारातून पिठाची चक्की आणतात, शिवणयंत्र आणतात. तू खेळ आणलास."

"ठमीला होईल."

"ठमी सहा वर्षांची आहे. तिची हनुवटीसुद्धा पोचत नाही त्याला."

आत्याच्या मागून एक गुबगुबीत मुलगी डोकावत होती. तीच ठमी, मिस्त्रीची मुलगी. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने साबणाच्या खोक्याला खिळे ठोकून तिच्यासाठी पाट केला. त्या पाटावर उभी राहून ती खेळायला लागली आणि आत्याचा मुद्दा निकालात निघाला.

घराची फरशी उताराची होती. मिस्त्रीने माझ्यावर पाणसळ ठेवून, माझ्या पायांचे पेच अर्धा अर्धा फेरा फिरवून मला सरळ केले. नाणे टाकायची फट त्याने आतून बंद केली. रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर तो पाच गोळ्या खेळायचा. तो आता पाण्याच्या पंपांच्या कारखान्यात दुरुस्तीला जायचा. ठमी पाटावर बसून बघायची. मी उघडा असलो की ती बॅटरी धरायची. "बाबा, सरकला?" ती विचारायची. "सरकला," तो म्हणायचा. माझ्या दरवाजावर पेन्सिलीच्या ओळी वाढत गेल्या. मित्रांनो, ती माझी सुखाची वर्षे. सुखाबद्दल सांगण्यासारखे फार नसते.

ठमी मोठी झाली. चष्म्याच्या दुकानात नजर तपासायला लागली. दिवसभर ती लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलून विचारायची, "हे बरं दिसतं, की हे?" मिस्त्री कामावरून निवृत्त झाला. पाचाच्या दहा गोळ्या झाल्या.

मग एका संध्याकाळी माझ्या डाव्या हाताजवळून गोळी सरळ खाली गेली. मिस्त्री थांबला. पुढची गोळी डावीकडूनच गेली.

"डावा सुस्त झालाय," तो म्हणाला.

मला राग आला. माझा डावा हात मुळीच सुस्त नव्हता. बटण दाबले गेले त्या क्षणी मी उसळलो होतो. बटणच उशिरा दाबले गेले होते.

त्याने दरवाजा उघडला. बटण दाबल्यावर आतल्या दोन पत्त्या एकमेकींना टेकतात आणि वीज पुढे जाते. त्याने त्या पत्त्या घासून चकचकीत केल्या, दरवाजावर लिहिले: "डावा सुस्त. पत्त्या घासल्या." तीन आठवडे बरे गेले. मग पुन्हा तेच. या वेळी त्याने कॉइल बदलली, म्हणजे माझ्या हाताला उसळी देणारे तारेचे वेटोळे. "डावा सुस्त. कॉइल बदलली." मग स्प्रिंग. मग डाव्याचे सगळे उजव्याला आणि उजव्याचे डाव्याला. बिघाड सरकला नाही. तो डावीकडेच राहिला.

"तार कुठेतरी कुजली असणार," मिस्त्री म्हणाला. "जुना झाला हा."

मी काय करू शकत होतो? माझ्याजवळ घंटा आहेत, दिवे आहेत. पण ते गोळीने वाजतात, गोळीने लागतात. मला स्वतःहून एक ठोकासुद्धा देता येत नाही. रोज संध्याकाळी त्याची बोटे माझ्या अंगाला टेकायची. उजवी पूर्वीसारखीच होती, हलकी आणि तयार. डावी बोटे जड पडायची, चाचपडायची. त्या घरात हे सगळ्यात आधी मला कळले, आणि मीच मुका.

तसे कळण्यासारखे पुष्कळ होते. मिस्त्रीच्या हातून कप फुटायला लागले. सकाळचा पहिला चहा तो डाव्या हाताने धरून, उजव्या हाताने पेपर चाळत प्यायचा. तिसरा कप फुटला तेव्हा आत्या केरसुणी घेऊन आली.

"दादा, तुला कप पुरवायला मी कुंभाराशी सोयरीक करू का आता?"

"ह्यांचे कानच निसरडे आहेत. बोट बसत नाही नीट."

"चाळीस वर्षं बसत होतं ते?"

"ते कप वेगळे होते."

"हो ना. कप वेगळे, सदऱ्याची काजं लहान, वहाणेचा अंगठा सैल. सगळ्या जगात बिघाड झालाय. तू तेवढा नीट."

ठमी हसली. मिस्त्रीही हसला. आत्याही आपल्या बोलण्यावर खूश होऊन केर भरून गेली. मित्रांनो, त्या घरात वर्षभरात खरे निदान एकदाच झाले, ते असे थट्टेत, आणि केरासोबत बाहेर गेले.

त्याची चूक मला समजते. चाळीस वर्षे त्याच्यापुढे जे काही आले, त्यात दोष वस्तूचा होता आणि तो शोधणारा हात त्याचा होता. शोधणाऱ्या हाताला कोण तपासतो?

माझ्या दारावरच्या ओळी दाट होत गेल्या. पूर्वी वर्षाला दोन नोंदी असायच्या, आता महिन्याला दोन. त्याने डावीकडच्या पत्त्या इतक्या जवळ आणल्या की नुसत्या स्पर्शाने हात उसळावा. डावीकडे आधीपेक्षा जोरकस कॉइल घातली. माझा डावा हात हळूहळू राक्षसाचा झाला. तरी गोळी डावीकडूनच जात होती. एके दिवशी त्याने पाचव्या गोळीनंतरच खेळ थांबवला आणि माझ्या काचेवर कपाळ टेकून उभा राहिला. काचेवर उमटलेला त्याच्या श्वासाचा डाग मी विरेपर्यंत पाहत होतो.

ते ठमीनेही पाहिले. तिला वाटले, बाबांचा जुना सोबती मोडला म्हणून बाबा खचले. तिने मनाशी ठरवले: घरात नवा पिनबॉल आणायचा.

पुढचे दोन आठवडे घरात तोच विषय होता.

"कशाला?" मिस्त्री म्हणायचा. "नव्यात काय असतं? पडदा असतो. पडद्यात बघायचं तर गोळी कशाला हवी?"

"गोळी असते हो बाबा त्यात. मी बघून आले. शिवाय हमी आहे. पाच वर्षं काही झालं तर त्यांचा माणूस येतो."

"त्यांचा माणूस!" मिस्त्रीला ते फारच लागले.

"आणि ठेवणार कुठे?" आत्याने विचारले. "एक बसतो तिथे दोन बसवायचे तर मला मोरीत झोपावं लागेल."

"जुना ते घेऊन जातात."

आत्याने माझ्याकडे पाहिले, आणि तिने पदराने माझी काच पुसली. इतक्या वर्षांत तिने ते कधी केले नव्हते.

अखेर मिस्त्री म्हणाला, "आणू दे त्यांना. बघायला काय जातं?"

विक्रेता नवा खेळ आठ दिवस घरी ठेवून वापरून बघायला देत होता. तो गोलमटोल तरुण होता आणि सदा हसतमुख. आत्याने त्याच्या पाठीमागे त्याचे नाव हसऱ्या ठेवले. दोन हमालांनी नवा खेळ आणून माझ्या शेजारी उभा केला. जागा करायला मला भिंतीत कोंबले. हसऱ्याने माझ्या पेटीवर एक चिठ्ठी चिकटवली: "जुना, परत न्यायचा."

खरे सांगतो, मी जळलो. नवा माझ्यापेक्षा रुंद आणि उंच होता. त्याच्या अंगात हजार दिवे होते. आणि त्याला बोलता येत होते! गोळी चांगली उडवली की तो भारदस्त आवाजात खेळाडूची वाहवा करायचा. मी जे वर्षभर सांगायला तळमळत होतो ते ह्याला एका वाक्यात सांगता आले असते. पण त्याला वाहवेपलीकडे काही शिकवलेच नव्हते.

"या काका, उद्घाटन करा," हसऱ्या म्हणाला.

मिस्त्री नव्यापुढे उभा राहिला. सवयीने त्याने आधी पाणसळ ठेवून पाहिली. मग डोळे मिटून दांडा ओढला. गोळी वर गेली, दिवे धावले, आणि गोळी खाली आली. उजव्याने फेकली. पुन्हा आली. डावीकडून गेली.

दुसरी गोळी. डावीकडून.

मिस्त्रीने डोळे उघडले. "ह्याचाही डावा सुस्त आहे."

"काका, काहीतरीच काय! कालच पेटीतून काढलाय." हसऱ्याने पुढे होऊन डावे बटण दाबले. टक. टक. टक. "बघा, पोपटासारखा बोलतोय."

ठमीने दाबले. टक. टक.

"ठीक आहे की, बाबा."

मिस्त्रीने पुन्हा दाबले. टक झाले, पण जरा उशिराने. मग त्याने जे केले ते त्या खोलीत फक्त दोघांना कळले, ठमीला आणि मला.

त्याने हात उलटे केले. उजवा हात डावीकडे नेला आणि डाव्या बटणावर ठेवला. डावा त्याखालून उजवीकडे नेला आणि उजव्या बटणावर ठेवला. मग दोन्ही बटणे एकदम दाबली.

डावा फ्लिपर, म्हणजे नव्याचा डावा हात, ताडकन उठला. उजवा मागून, सावकाश उठला.

त्याने पुन्हा दाबले. पुन्हा तसेच.

"ही काय नवीन स्टाइल, काका?" हसऱ्या हसत म्हणाला.

मिस्त्रीने हात सोडवले. डावा हात तोंडापुढे धरून तो उलटसुलट करून पाहिला, एखादा सुटा भाग पाहावा तसा.

"सरकला," तो म्हणाला.

ठमीचा चेहरा काचेत दिसत होता. दिवसभर ती लोकांना विचारायची, हे बरे की ते. आता तिला कोणी विचारले नाही, आणि तिला दिसत होते.

आतून आत्या ओरडली, "चहा टाकते गं, किती कप?"

"चार," मिस्त्री म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "मला पेल्यात दे. कान नसलेल्यात."

पुढच्या गोष्टी मी बोलण्यातून ऐकल्या. मी दवाखान्यात गेलो नव्हतो. मिस्त्रीच्या डोक्यात उजव्या बाजूला गाठ होती. माणसाच्या डाव्या हाताच्या तारा डोक्यात उजव्या बाजूला जातात म्हणे. माझ्यात असे नाही. माझे डावे ते डावे.

डॉक्टरांनी विचारले, हे कधीपासून आहे? मिस्त्री म्हणाला, झाला असेल महिना. आत्या म्हणाली, कप फुटायला लागले बाहेरच्या खोलीतला पंखा बदलला तेव्हापासून, आणि तो कधी बदलला ते तिला आठवेना. संध्याकाळी ठमी घरी आली, पर्ससुद्धा खाली न ठेवता माझ्यापुढे गुडघे टेकून बसली आणि तिने माझा दरवाजा उघडला. बॅटरी आता तिच्याच हातात होती आणि तिचे तिलाच वाचायचे होते.

"डावा सुस्त. पत्त्या घासल्या." तिथपासून खाली "डावा", "डावा", "डावा". एकोणीस नोंदी, प्रत्येकीपुढे तारीख. तिने त्या सगळ्या कागदावर उतरवून घेतल्या. पहिली अकरा महिन्यांपूर्वीची होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तो कागद वाचला. त्यांनी विचारले, एवढी नीट टिपणे कोणी ठेवली? ठमीने सांगितले, त्यांनीच. मशीनची आहेत. डॉक्टरांनी कागदाची घडी केली आणि म्हणाले, "सहा-सात महिने आधी आला असतात, तर." पुढचे वाक्य त्यांनी पूर्ण केले नाही. ठमीनेही हे आत्याला सांगताना तिथेच थांबवले.

आठ दिवस संपले तेव्हा हसऱ्या आला. त्याच्या तोंडावर हसू नव्हते, त्यामुळे क्षणभर मी त्याला ओळखले नाही. मिस्त्री माझ्याजवळच खाटेवर होता.

"नवा ठेव, ठमे," तो म्हणाला. "हा ने म्हणावं."

"बाबा, तुम्हाला तर तो आवडला नव्हता."

"आवडायचा प्रश्न नाही. त्याला त्यांचा माणूस आहे. ह्याला कोण आहे माझ्यामागे?"

मित्रांनो, तो माझ्याविरुद्ध बोलत होता, आणि बरोबर बोलत होता. माझे भाग आता कुठे मिळत नाहीत. मला उघडून समजणारा माणूस एकच उरला होता. तो गेल्यावर मी म्हणजे खोली अडवणारे लाकूड. विकत घ्यावे की न घ्यावे, याचा हिशेब शहाण्या माणसाने केला असता तर तो असाच झाला असता.

ठमीने माझ्या पेटीवरची चिठ्ठी नखाने खरवडून काढली. ती एका दमात निघाली नाही, अर्धी चिकटूनच राहिली. अजून आहे. "जुना, परत", एवढेच वाचता येते.

"मला शिकवा," ती म्हणाली.

"वेळ लागेल."

"मग आजपासून."

हसऱ्या नवा घेऊन गेला. दारातून जाताना तो, कोणी न सांगता, आत्याला वाकून नमस्कार करून गेला. त्या दिवसापासून आत्याने त्याला नावाने हाक मारायला सुरुवात केली.

मिस्त्री त्यानंतर सात महिने होता. सुरुवातीला तो खुर्चीत बसायचा आणि ठमी त्याचा डावा हात व्हायची. "तो पेच नाही. त्याच्या खालचा. डिसमीस दाबून फिरव, घसरवू नकोस." ती चुकायची. तिने एकदा माझा फ्यूज उडवला, एकदा तार जोडायला डाख देताना स्वतःचे बोट भाजले. मग तो पलंगावर पडून सांगायचा. मग एका शब्दात सांगायचा. मग डोळ्यांनी. मग तोही रस्ता बंद झाला. शेवटच्या महिन्यात त्याला आवाज आवडतो म्हणून ठमी त्याच्या बाजूला माझ्यावर एकेक गोळी खेळायची, आणि तो डोळे मिटून असायचा. तो ऐकत होता की नाही, मला ठाऊक नाही. एका सकाळी गोळी खाली आली, ठमीने मागे वळून पाहिले, आणि पुन्हा दांडा ओढला नाही. मी त्या दिवशी दिवसभर दिवे लागलेला तसाच राहिलो. मला बंद करायचे कोणाला सुचले नाही.

सगळे त्याने तिला शिकवले नव्हते. वेळ पुरला नाही. गुण दाखवणारे माझे उजवीकडचे चाक चारावर अडकले आहे. ते कसे सोडवायचे हे कोणालाच माहीत नाही. त्यामुळे माझ्यावर कोणी कितीही वाईट खेळो, त्याला चार गुण मिळतातच. आणि माझा डावा हात अजून तसाच आहे, गरजेपेक्षा जोरकस, नुसत्या स्पर्शाने उसळणारा. ठमीला तो परत जागेवर आणता येतो. तेवढे ती शिकली आहे. एकदा तिने दरवाजा उघडला, डिसमीस त्या पेचावर ठेवला, आणि काढून घेतला. स्वतःच्या हातात जे कमी पडत होते ते तिच्या वडिलांनी अकरा महिने माझ्या हातात भरले होते. ते कोणी काढावे?

दरवाजावर तिने फक्त एक ओळ लिहिली. तारीख, आणि पुढे: "डावा ठीक आहे. कधीच बिघडला नव्हता."

हसऱ्याचा अजून वर्षाकाठी निरोप येतो, नवा आलाय, बघता का? ती नाही म्हणते. मला याचा अभिमान वाटावा, पण वाटत नाही. माझ्या जागी नवा आला असता आणि मिस्त्री राहिला असता, तर मी जिन्यावरून घंटा वाजवत आनंदाने गेलो असतो.

आता रविवारी सकाळी ठमी खेळते. दांडा ओढण्याआधी ती दोन्ही हात उलटे करते, उजवा डावीकडे, डावा उजवीकडे, आणि दोन्ही बटणे एकदम दाबते. माझे दोन्ही हात बरोबर उठतात. मग ती आत्याला बोलावते.

"अगं, मागच्या रविवारी केलं होतं की!"

"दाब आत्या."

"मला काही धाड भरलेली नाही."

"दाब."

आत्या कुरकुरत हात उलटे करते आणि दाबते. ठमी वाकून माझ्या काचेतून पाहत राहते. दोन्ही हात एकदम उठले की मगच ती सरळ होते.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जपा, आमची धूळ पुसा, असे मागणे मी मागणार होतो. ते आता राहू द्या. एवढेच करा. घरात कोणी म्हणाले की कपाचा कान निसरडा आहे, काजे लहान आहेत, यंत्र सुस्त झाले आहे, तर हसा, पण हसून झाल्यावर त्याला जवळ बोलावा आणि त्याचे हात उलटे करून पाहा. बिघाड सरकला, तर त्याच दिवशी निघा. मला आवरत बसू नका. माझे दिवे लागलेले राहिले तरी चालेल.